गृहकर्जाची थकबाकी : तारणजप्ती आणि नादारी

गृहकर्जाचे हप्ते भरणे अशक्य झालेल्या कर्जदारापुढे दोन अखेरचे मार्ग असतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते : तारण ठेवलेले घर धनकोच्या ताब्यात जाऊ देणे, किंवा न्यायालयाकडून नादार (दिवाळखोर) म्हणून घोषित होणे. अमेरिकेत या दोहोंतील निवड हा सर्रास चर्चिला जाणारा प्रश्न आहे. भारतात मात्र पहिला मार्ग वेगवान व रुळलेला असून दुसरा जवळजवळ अडगळीत पडलेला आहे. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या संदर्भात या दोन मार्गांचे विवेचन केले आहे.

संज्ञेविषयी

भारतीय बँकव्यवहारात ‘फोरक्लोजर’ हा शब्द बहुधा मुदतीपूर्वी कर्ज फेडून खाते बंद करणे या अर्थाने वापरतात. त्यामुळे बँकेचे ‘फोरक्लोजर लेटर’ म्हणजे जप्तीची नोटीस नव्हे. उरलेली रक्कम किती, एवढेच त्यात नमूद असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये ही संज्ञा आणखी वेगळ्या अर्थाने येते आणि केवळ काही प्रकारच्या गहाणांनाच लागू होते. गृहकर्जात सामान्यतः हक्कलेख बँकेकडे ठेवून गहाण निर्माण केले जाते. अशा गहाणात बँक घराची मालक होत नाही, तिला ते विकून आपले येणे वसूल करता येते.

प्रादेशिक पार्श्वभूमी

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागी १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. बराकी व भूखंड निर्वासितांच्या नावे झाले आणि सनद हा तेथील मालकीचा महत्त्वाचा पुरावा ठरला. पुढे त्याच भूखंडांवर बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील अनेक विनापरवाना होत्या. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी राज्य शासनाला २००६ मध्ये खास या शहरापुरता कायदा करावा लागला. ज्या सदनिकांची कागदपत्रे अपुरी आहेत त्यांवर मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून ग्राहक चढ्या व्याजाच्या वित्तकंपन्यांकडे किंवा पतसंस्थांकडे वळतो. अंबरनाथ व बदलापूर येथे कल्याण–कर्जत लोहमार्गालगत नवी गृहसंकुले वाढली. मुंबईत नोकरी करणाऱ्या, परंतु तेथे घर घेणे न परवडणाऱ्या कुटुंबांनी ती कर्ज काढून घेतली. अशा घरात नोकरी गेली किंवा मोठे आजारपण आले, तर हप्ता थकण्यास फार काळ लागत नाही.

इमारत बेकायदा ठरली वा पडली तरी कर्ज मिटत नाही, हे या पट्ट्यात विशेष लक्षात घ्यावे लागते. कर्जाचा करार बँक व ऋणको यांच्यात असतो; बिल्डरची फसवणूक हा स्वतंत्र दावा ठरतो.

तारणजप्तीची प्रक्रिया

बँका व अधिसूचित गृहवित्त कंपन्या २००२ च्या ‘सरफेसी’ अधिनियमाखाली न्यायालयात न जाता वसुली करू शकतात. सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पतसंस्था मात्र महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून जप्ती करतात. त्यामुळे आपला धनको नेमका कोण आहे, हे कर्जदाराने प्रथम पाहावे लागते.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. तीत थकलेले हप्तेच नव्हे, तर संपूर्ण कर्ज मागितलेले असते. ही नोटीस पाहून अनेक कुटुंबे हबकतात आणि ती न उघडताच ठेवून देतात. वस्तुतः कर्जदाराच्या हाती सर्वाधिक काही असते ते याच ६० दिवसांत. त्याने लेखी हरकत घेतल्यास बँकेला १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. मुदत संपल्यावर दारावर ताब्याची सूचना लागते व ती दोन वृत्तपत्रांत प्रसिद्ध होते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असते. घर रिकामे करून न दिल्यास बँक कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि महसूल अधिकारी पोलीस बंदोबस्तात ताबा घेऊ शकतात.

बँकेच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. दिवाणी न्यायालयात सामान्यतः जाता येत नाही. सर्व रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत टिकत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले.

लिलावात येणे फिटून रक्कम उरली, तर ती कर्जदाराला परत मिळते. कमी पडली, तर उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा दावा करू शकते. घर गेले म्हणजे कर्ज संपले, हा समज या विषयातील सर्वांत महागडा गैरसमज आहे.

नादारीचा मार्ग

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. तथापि तो १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अमलात आला. त्यातील ‘नवी सुरुवात’ ही कर्जमाफीची तरतूद वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नसलेल्यांसाठी आहे. म्हणजे ती लागू झाली तरी गृहकर्जदाराच्या उपयोगाची नाही.

सामान्य पगारदार वा दुकानदारासाठी आजही प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० हाच कायदा आहे. मुंबई शहरास १९०९ चा वेगळा कायदा लागू असला, तरी उल्हासनगर ते बदलापूर हा पट्टा त्याबाहेर पडतो आणि नादारीचा अधिकार जिल्हा न्यायालयाकडे येतो. नादार घोषित झाल्यावर ऋणकोची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा प्रापकाकडे जाते आणि विनातारण धनकोंना त्याच्यावर स्वतंत्रपणे कारवाई करता येत नाही. परंतु कलम २८(६) नुसार तारणधारक धनकोचा तारण विकण्याचा अधिकार अबाधित राहतो. अर्थात नादारीमुळे गहाण घर वाचत नाही. शिवाय मुक्तता मिळेपर्यंत संसद वा विधिमंडळाचे सदस्यत्व घेता येत नाही आणि स्थानिक संस्थांतील निवडीवरही बंधन येते.

निवडीचे प्रत्यक्ष स्वरूप

यामुळे येथे दोन पर्यायांतील निवड क्वचितच उद्भवते. लिलावानंतर मोठी तूट उरली आणि सोबत क्रेडिट कार्ड, हातउसने, दुकानाची देणी असा विनातारण बोजा असेल, तरच नादारीचा विचार सार्थ ठरतो. तुटीसाठी हुकूमनामा झाला तरी भविष्यनिर्वाह निधी जप्त होत नाही. पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भागही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने संरक्षित आहे.

व्यवहारात अधिक उपयोगी पडतात ते याआधीचे उपाय. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेता येतो. एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देता येतो, मात्र तो स्वीकारण्याची सक्ती बँकेवर नसते. तिसरा उपाय म्हणजे बँकेच्या संमतीने घर स्वतः विकणे. खरेदीदाराची बँक पैसे थेट पहिल्या बँकेला देते, हक्कलेख मोकळे होतात आणि उरलेली रक्कम कुटुंबाच्या हाती येते. लिलावात घर ‘जसे आहे तसे’ विकले जात असल्याने भाव बहुधा कमी येतो. ज्याच्या कागदपत्रांत त्रुटी आहेत अशा सदनिकेला तर खरेदीदारही मोजकेच मिळतात. स्वतःच्या विक्रीत ग्राहक शोधण्यास वेळ लागतो, आणि १३(२) ची नोटीस आल्यावर तो वेळ ६० दिवसांपासून मोजावा लागतो.