८३ क्रमांकाची काडी : चिनी देवळांतला अशुभ कौल

२ फेब्रुवारी २००३. चिनी नववर्षाचा दुसरा दिवस. हाँगकाँगच्या शा तिन भागातील चे कुंगच्या देवळात गृहव्यवहार सचिव पॅट्रिक हो यांनी सबंध शहराच्या वतीने कौल मागितला. बांबूच्या नळकांड्यातून ८३ क्रमांकाची काडी बाहेर पडली आणि तिची चिठ्ठी निघाली अशुभ वर्गातली. त्याच महिन्याच्या अखेरीस शहरात सार्सची साथ शिरली. १,७५५ जणांना लागण झाली, २९९ माणसे दगावली. १ जुलैला राष्ट्रीय सुरक्षा विधेयकाविरुद्ध मोर्चा निघाला. संयोजकांच्या मते त्यात पाच लाख लोक होते. सप्टेंबरमध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. चे कुंग हा दक्षिण सुंग काळातला सेनापती, पुढे देवपदाला पोचलेला, आणि त्याची ख्याती साथ हटवणारा देव अशी! देवाने आधीच सांगितले होते, असे लोक म्हणू लागले यात नवल नाही.

ते भाकीत खरे ठरले की योगायोग होता, हा वाद मी बाजूला ठेवतो. गेली काही वर्षे मी या चिठ्ठ्यांचे छापील संच शब्दकोश हाताशी धरून वाचतो आहे, आणि मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न : वाईट चिठ्ठी हाती आली की ती वाचायची कशी?

आधी पद्धत पाहू. गोवा-कोकणातल्या वाचकाला देवाला कौल लावणे नवे नाही. चीनमध्ये मात्र कौल छापील कवितेतून मिळतो. भाविक गुडघे टेकून मनात प्रश्न धरतो आणि काड्यांनी भरलेले नळकांडे एक काडी खाली पडेपर्यंत हलवतो. अनेक देवळांत यानंतर एका बाजूने सपाट व दुसऱ्या बाजूने फुगीर असे अर्धचंद्राकृती लाकडी तुकड्यांचे जोड टाकतात. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर देवाचा होकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही. दोन्ही फुगीर आल्या तर नकार, काडी परत डब्यात. होकार मिळाला तरच त्या क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. म्हणजे अशुभ चिठ्ठी हाती येण्यापूर्वीही 'हीच का?' असे देवाला विचारून झालेले असते.

चिठ्ठीवर बहुधा चार ओळींची कविता, वर्ग (अतिशुभ, शुभ, मध्यम, अशुभ) आणि एखाद्या जुन्या कथेचे नाव असते. खाली लग्न, दावा, आजार, प्रवास, हरवलेली वस्तू अशा बाबींवर दोन-दोन शब्दांचा सल्ला. कुआन-यिनच्या नावाचा प्रसिद्ध संच १०० चिठ्ठ्यांचा, मात्सू या सागरदेवीचा ६० चिठ्ठ्यांचा, तर चे कुंगचा ९६ काड्यांचा.

हा प्रकार जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्याकडे येतो. पाचव्या शतकात चीनमध्ये संकलित झालेल्या एका बौद्ध ग्रंथात ब्रह्मदेव बुद्धाची परवानगी घेऊन लोकांसाठी कौलाची शंभर पद्ये सांगतो, असे प्रकरण आहे. ते भारतातून आलेले भाषांतर नसून चीनमध्येच रचले गेले, असे अभ्यासक मानतात. पण अधिकारवाणीसाठी रचणाऱ्याला ब्रह्मदेवच हवा होता, हे बोलके आहे. तेराव्या शतकातला कुआन-यिनचा एक सचित्र छापील संच उपलब्ध आहे. तो हांगचौजवळच्या ज्या देवळाचा, त्याचे नाव थिएन-चू. जुन्या चिनी भाषेत थिएन-चू म्हणजे हिंदुस्थान. याच परंपरेतला शंभराचा संच जपानमध्येही रुजला. तोक्योच्या सेन्सोजी मंदिरात आजही बऱ्याच जणांच्या वाट्याला अशुभ चिठ्ठी येते, आणि ते ती तिथल्याच तारेला बांधून जातात.

आता मूळ प्रश्न. नवखा माणूस आधी वर्ग पाहतो. 'अशुभ' दिसले की त्याचा चेहरा उतरतो. अनुभवी वाचक मात्र कथेचे नाव पाहतो. जर्मन अभ्यासक वोल्फ्राम एबरहार्ड यांनी या कथांचा रंगभूमीशी असलेला संबंध दाखवला आहे. ज्याला अक्षरओळख नव्हती, त्यालाही या गोष्टी जत्रेतल्या नाटकांमुळे पाठ असत. अनेक संचांत सू छिनची कथा येते. हा विद्वान नोकरीच्या शोधात राजदरबार हिंडला आणि रिकाम्या हातांनी घरी परतला. घरच्यांनी त्याला विचारले नाही, भावजयीने जेवायलाही वाढले नाही. पण पुढे तोच सहा राज्यांचा मंत्री झाला. चिठ्ठीवर लिहिलेले असते एवढेच, की सू छिन अयशस्वी. घेणाऱ्याला मात्र पुढचा अंक ठाऊक असतो.

मला या वाचनपद्धतीचे मर्म इथे सापडते. अशुभ चिठ्ठी माणसाला तो गोष्टीच्या कोणत्या अंकात उभा आहे, ते सांगते. पडदा कुठे पडणार, हे ती सांगेलच असे नाही. म्हणून कौल सांगणारा पहिल्यांदा विचारतो, 'तुम्ही नेमके काय विचारले होते?' सू छिनचीच चिठ्ठी नवा धंदा काढू पाहणाऱ्याला थांबायला सांगते, आणि परीक्षेत नापास झालेल्याला पुन्हा पुस्तक उघडायला.

पण सगळ्या कथा सुखान्त नसतात. जानेवारी २००९ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन भरात, चे कुंगच्या देवळात २७ क्रमांकाची अशुभ काडी निघाली. तिच्या कवितेत छिन सम्राटाच्या लांबलचक भिंतीचा उल्लेख आहे. भिंत फुकट गेली, कारण संकट त्याने स्वतःच ओढवून घेतले होते. त्या भिंतीसाठी किती माणसे राबली आणि मेली, आणि सम्राटामागे त्याचे घराणे किती थोडी वर्षे टिकले, हे चिनी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. इथे पुढच्या अंकाचा दिलासा नाही. माझ्या मते अशी चिठ्ठी वाचण्याची एकच प्रामाणिक रीत आहे : बाहेरच्या शत्रूकडे बोट दाखवणे थांबवून आपण काय केले ते पाहणे. शहराच्या नावाने काढलेल्या कौलात ते 'आपण' म्हणजे राज्यकर्तेही. एरवी बोलायला अवघड अशी गोष्ट देवाच्या नावाने चारचौघांत बोलता येते, हे अशुभ कौलाचे सार्वजनिक मोल.

शंका घेणाऱ्यांसाठी थोडे अंकगणित. चे कुंगच्या ९६ काड्यांत १७ अशुभ आहेत. म्हणजे सरासरी पाच-सहा वर्षांतून एकदा अशुभ काडी निघणारच. २००३ ते २०१३ या अकरा वर्षांत ती तीनदा निघाली, यात चमत्कार काही नाही. २०१३ च्या ९५ क्रमांकाच्या चिठ्ठीत चार घोड्यांच्या गाडीतून गेलेला माणूस अनवाणी घरी परततो. सू छिनचाच जणू सावत्र भाऊ! पण तिची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. अनर्थ झाला तरच चिठ्ठी स्मरणात राहते.

या प्रथेला एक धोकादायक बाजूही आहे. हाँगकाँग आणि तैवानमधल्या काही देवळांत औषधाच्या चिठ्ठ्याही असत : काडीच्या क्रमांकावरून काढा ठरे. थांबून विचार करण्याचा सल्ला धंद्यात किंवा दाव्यात उपयोगी पडेल, पण तापाने फणफणलेल्या मुलाच्या बाबतीत थांबणे जिवावर बेतू शकते. चिठ्ठीचा अधिकार वागणुकीपुरता. तिथून ती नाडीवर बोट ठेवू लागली की तिला नळकांड्यात परत ठेवलेले बरे.

राहिला तो कौल गोड करून सांगण्याचा मोह. समोरच्याचा उतरलेला चेहरा पाहून सांगणाऱ्याला वाटते, चार बऱ्या शब्दांनी काय बिघडते? पण सगळ्याच चिठ्ठ्या गोड झाल्या तर शुभ चिठ्ठीलाही किंमत राहणार नाही. जुन्या संचकर्त्यांना हे कळत होते, म्हणून त्यांनी अशुभ चिठ्ठ्या वगळल्या नाहीत. हाँगकाँगमध्ये २००४ पासून सरकारी सचिवाऐवजी ह्युंग यी कुक या गावकऱ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष काडी काढू लागले. हात बदलले, पण डब्यातल्या अशुभ काड्या काढून टाकल्या गेल्या नाहीत. म्हणूनच २००९ मध्ये २७ क्रमांकाची काडी निघू शकली, आणि देवळाबाहेर पडताना लोकांना त्या भिंतीबद्दल बोलावे लागले.