पेनच्या हॅटपेक्षा उंच काही नको! एका न लिहिलेल्या नियमाची आणि तो मोडणाऱ्या टॉवरची गोष्ट

गावात देवळाच्या कळसापेक्षा उंच घर बांधायचे नाही, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगतात. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, ग्रामपंचायतीच्या ठरावात नाही. तरी कित्येक गावांनी तो पिढ्यान् पिढ्या पाळला. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरानेही असाच एक नियम सुमारे नव्वद वर्षे पाळला. तिथे कळसाच्या जागी होता एका माणसाचा पुतळा, आणि मर्यादा होती त्याच्या डोक्यावरच्या हॅटची. १९८४ मध्ये एका बिल्डरने शहराच्या मध्यभागी त्याहून बऱ्याच उंच कार्यालयी इमारतीचा प्रस्ताव आणला आणि शहरात मोठा वाद पेटला.

मध्यम आकाराच्या शहरात मुख्य बाजारपेठेत टॉवर येऊ घातला की काय काय होते, कोण काय बोलते, पुढे त्याचे काय होते, हे समजून घ्यायला फिलाडेल्फियाइतके चांगले उदाहरण सापडणे अवघड.

पुतळा कुणाचा?

पुतळा विल्यम पेन यांचा. पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचे ते संस्थापक. १६८२ मध्ये त्यांनी थॉमस होम या सर्व्हेअरकडून फिलाडेल्फियाचा आराखडा करून घेतला. सरळ रस्ते, काटकोनातले चौक आणि बरोबर मध्ये एक मोठा चौक. त्या मधल्या चौकात पुढे सिटी हॉल, म्हणजे आपल्या भाषेत महापालिकेची मुख्य इमारत, उभी राहिली.

हे काम १८७१ ला सुरू झाले आणि १९०१ ला संपले. तीस वर्षे! सरकारी बांधकाम कुठेही असो, वेग तोच. खर्च २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला. जगातली सर्वांत उंच वास्तू करायची, अशी मूळ कल्पना होती. पण काम रेंगाळले आणि तेवढ्यात वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ व पॅरिसचा आयफेल टॉवर पुढे निघून गेले. तरीही लोकांचा वावर असलेल्या इमारतींमध्ये १९०१ ते १९०८ या काळात सिटी हॉलच जगात सर्वांत उंच होता. उंची ५४८ फूट, म्हणजे १६७ मीटर. आत लोखंडी सांगाडा नाही, सगळा भार दगड-विटांच्या भिंतींवर. मनोऱ्याच्या तळाशी काही ठिकाणी भिंतीची जाडी २२ फूट आहे.

या मनोऱ्याच्या टोकावर १८९४ मध्ये पेन यांचा ३७ फुटी ब्राँझचा पुतळा बसवला. शिल्पकार अलेक्झांडर मिल्ने काल्डर. रुंद कडेची हॅट घातलेले पेन शहराकडे बघत उभे आहेत.

तोंडी करार

पुढे न्यूयॉर्क, शिकागो या शहरांत उंच इमारतींची शर्यत लागली. फिलाडेल्फियात मात्र पेनच्या हॅटच्या वर कुणी गेले नाही. १९३२ मध्ये पीएसएफएस बँकेची ३६ मजली इमारत झाली. तिच्या काळातली ती अतिशय आधुनिक इमारत, पण तीही ४९१ फुटांवर थांबली. याला तिकडे 'सभ्य माणसांचा करार' म्हणत. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही.

हा करार जपणारा मुख्य माणूस एडमंड बेकन. १९४९ ते १९७० अशी एकवीस वर्षे ते शहराच्या नियोजन आयोगाचे कार्यकारी संचालक होते. (सिनेमातला केव्हिन बेकन हा त्यांचा मुलगा.) स्टेशनाकडे जाणारा रेल्वेचा उंच दगडी बांध शहराचे दोन तुकडे करत होता. तो पाडल्यावर तिथे 'पेन सेंटर' ही कार्यालयांची वसाहत झाली, ती बेकन यांच्या काळात. तिथल्या इमारतीही हॅटच्या खालीच राहिल्या. कायदा पाठीशी नसताना नियम टिकवायचा तर शब्दाला वजन असलेला एखादा अधिकारी खुर्चीत बसलेला असावा लागतो. १९७० ला बेकन निवृत्त झाले. नियम राहिला, पण त्याची राखण करणारी खुर्ची रिकामी झाली.

बिल्डरचे म्हणणे

१९८४ मध्ये विलार्ड राऊस या विकासकाने 'लिबर्टी प्लेस' हा प्रकल्प मांडला. जागा मार्केट स्ट्रीटवर, सिटी हॉलपासून काही चौक पश्चिमेला. वास्तुविशारद शिकागोचे हेल्मुट यान. पहिला टॉवर ६१ मजली, उंची ९४५ फूट म्हणजे २८८ मीटर. पेनच्या हॅटपेक्षा जवळजवळ ४०० फूट जास्त! थोडेथोडके ओलांडणे नव्हतेच ते.

राऊस यांच्या बाजूने दोन मुद्दे होते. पहिला साधा हिशेबाचा. भर बाजारपेठेतली जागा महाग. तेवढे चटईक्षेत्र काढायचे तर एक तर इमारत उंच न्यायची, नाही तर प्लॉट भरून बुटकी आणि जाडजूड करायची. हॅटच्या खाली राहायच्या हट्टापायी मार्केट स्ट्रीटवर आधीच सपाट माथ्याच्या, एकसारख्या ठोकळ्यांची रांग लागली होती. ती काही फार देखणी नव्हती, हे विरोधकांनाही नाकारता येत नव्हते.

दुसरा मुद्दा शहराच्या पोटाचा. १९५० मध्ये फिलाडेल्फियाची लोकसंख्या २० लाख ७१ हजार होती, १९८० मध्ये ती १६ लाख ८८ हजारांवर आली. कापड, यंत्रे, जहाजबांधणी असे कारखाने एकामागून एक बंद पडले किंवा बाहेर गेले. गिरणगावाचे काय होते ते मुंबईने पाहिले आहे, इंदूरनेही पाहिले आहे. कारखाने परत येणार नाहीत, मग निदान कार्यालये तरी आणा, त्यांचा कर तिजोरीत पडेल, असे नगर प्रशासनाचे गणित होते. महापौर विल्सन गूड प्रकल्पाच्या बाजूने उभे राहिले.

विरोधकांचे म्हणणे

निवृत्त बेकन पुन्हा मैदानात उतरले. त्यांचा युक्तिवाद असा होता की, उंच टॉवर कुठल्याही शहरात मिळतात. आपल्या संस्थापकाला, तेही लोकांच्या मालकीच्या इमारतीवर उभ्या असलेल्या संस्थापकाला, सर्वांत वरचा मान देणारे मोठे शहर मात्र फिलाडेल्फियाच. हे एकदा मोडले की पुन्हा जोडता येणार नाही. आणि एकाला परवानगी दिली की दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार होता, आणि तोच खरा ठरला. पण विरोधकांच्या हातात दाखवायला कागद नव्हता. हॅटची मर्यादा कायद्यात कुठेच नसल्याने कोर्टात उभे राहायला जागा नव्हती. मंजुरी मिळाली, १९८५ मध्ये काम सुरू झाले आणि १९८७ मध्ये 'वन लिबर्टी प्लेस' उभा राहिला.

मग आकाशरेषेचे काय झाले?

इमारत वाईट झाली नाही, उलट चांगली झाली. निळसर काच, वर निमुळता होत गेलेला त्रिकोणी पायऱ्यांचा माथा आणि टोकाला सुळका. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीची आठवण यावी अशी. वास्तुकलेवर लिहिणाऱ्या मोठ्या समीक्षकांनीही तिचे कौतुक केले. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांना ती पुढे आवडू लागली. पहिल्या टॉवरचा दर्जा चांगला असला की नियम मोडल्याची बोच कमी होते. मग पुढच्याला रस्ता मोकळा.

झालेही तसेच. १९९० मध्ये शेजारी ८४८ फुटांचा 'टू लिबर्टी प्लेस' आला. त्याच वर्षी ७९२ फुटांचे मेलन बँक सेंटर, १९९१ मध्ये ७३९ फुटांचा बेल अटलांटिक टॉवर. नव्वद वर्षांत जे झाले नव्हते ते चार-पाच वर्षांत झाले. आज पश्चिमेकडून शहर पाहिले तर पेन टॉवरांच्या घोळक्यात हरवून जातात, कुठे आहेत ते शोधावे लागते.

पण सगळीकडून तसे नाही. उंच इमारतींची मुख्य गर्दी सिटी हॉलच्या पश्चिमेला, मार्केट स्ट्रीटच्या पट्ट्यात झाली. त्यामुळे दक्षिणेकडून ब्रॉड स्ट्रीटने येताना रस्त्याच्या टोकाला आजही सिटी हॉलचा मनोरा आणि वर पेन नीट दिसतात. आकाशरेषा गेली, पण रस्त्यावरून दिसणारा देखावा काही अंशी वाचला. टॉवरच्या वादात लोक नेहमी 'किती उंच' यावर भांडतात. 'कुठे' हा प्रश्न मागे पडतो. खरे तर तोच निम्मा प्रश्न असतो.

घसाऱ्याचे गणित

या गोष्टीतला एक धागा सहसा कुणी सांगत नाही, तो म्हणजे आयकराचा. १९८१ च्या अमेरिकी कर कायद्याने व्यावसायिक इमारतीवरचा घसारा अवघ्या १५ वर्षांत दाखवायची मुभा दिली. म्हणजे कागदावर दरवर्षी मोठा तोटा आणि त्यावर करसवलत. इमारतीत भाडेकरू येवो न येवो, गुंतवणूकदाराचा फायदा ठरलेला. साहजिकच देशभर टॉवरचे पीक आले. १९८६ च्या कायद्याने ही मुदत साडेएकतीस वर्षे केली आणि ही हवाच काढून घेतली. आधी सुरू झालेले प्रकल्प मात्र पूर्ण होत राहिले, आणि १९९० च्या सुरुवातीला मंदी आली तेव्हा अमेरिकेतल्या शहरांत रिकाम्या कार्यालयांचा ढीग लागला. टू लिबर्टी प्लेसचे वरचे मजले पुढे चक्क राहण्याचे फ्लॅट झाले.

शहराच्या रूपाचा एवढा मोठा निर्णय काही प्रमाणात तरी दिल्लीसारख्या लांबच्या राजधानीत ठरलेल्या घसाऱ्याच्या दराने झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे कोण विचारतो?

आपल्याकडे टॉवरला परवानग्या कमी लागत नाहीत. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच इमारत मानली जाते, तिला अग्निसुरक्षेचे कडक नियम लागू होतात. विमानतळाच्या परिसरात विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला लागतो. बेळगावकरांना सांबऱ्यामुळे हे माहीत आहे. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण. हा नियम २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात पक्का झाला.

या यादीत आग आहे, विमान आहे, सांडपाणी आहे. लांबून शहर कसे दिसेल, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी नाही. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, ती देशात पहिली. त्यात एकेका वास्तूबरोबर परिसराचाही विचार आहे. बाकी शहरांत सगळा मामला संकेतावर. पणजीत चर्च स्क्वेअरमध्ये उभे राहिले की पायऱ्यांवरचे पांढरे चर्च आणि मागे मोकळे आकाश दिसते. इंदूरचा सात मजली राजवाडा आजही आपल्या चौकाचा धनी वाटतो. स्मारकापासून साडेतीनशे मीटरवर कुणी वीस मजले चढवले तर १०० आणि २०० मीटरचे दोन्ही नियम पाळले जातील, आणि मागचे आकाश तरीही जाईल. त्यामुळे विकास आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो, तेव्हाच उंचीचा विषय मांडावा लागतो. प्लॅन मंजूर झाल्यावर मोर्चा काढून उपयोग नसतो. फिलाडेल्फियात तोच अनुभव आला.

शापाची गोष्ट

टॉवरच्या वर्षापासून शहरात एक अफवा पसरली: पेन कोपले! त्याआधी १९८३ मध्ये शहराच्या बास्केटबॉल संघाने विजेतेपद मिळवले होते. १९८७ नंतर मात्र शहराच्या मोठ्या संघांच्या हाती काही लागेना. बेसबॉलचा संघ १९९३ मध्ये अंतिम फेरीत हरला, आइस हॉकीचा १९९७ मध्ये, बास्केटबॉलचा २००१ मध्ये, फुटबॉलचा २००५ मध्ये. लोक याला 'बिली पेनचा शाप' म्हणू लागले.

जून २००७ मध्ये कॉमकास्ट सेंटर या ९७० फुटांहून उंच नव्या टॉवरची शेवटची तुळई चढवताना कामगारांनी तिच्यावर पेन यांचा छोटासा पुतळा बसवला. संस्थापक पुन्हा शहरात सर्वांत उंचावर! पुढच्याच वर्षी, २९ ऑक्टोबर २००८ ला, फिलीज संघाने बेसबॉलचे जगज्जेतेपद जिंकले. योगायोग म्हणा, पण २०१८ मध्ये ११२१ फुटांचे कॉमकास्ट टेक्नॉलॉजी सेंटर पूर्ण झाले तेव्हा त्याच्याही टोकावर पेन यांची छोटी प्रतिकृती आधीच बसवून ठेवलेली होती.

हे दोन्ही कॉमकास्ट टॉवर विकसित करणारी मुख्य कंपनी लिबर्टी प्रॉपर्टी ट्रस्ट. विलार्ड राऊस यांच्याच जुन्या फर्मचे हे १९९४ नंतरचे नाव.