‘वल्द’च्या पुढचं नाव

मध्य प्रदेशातल्या सौंसर तहसिलीच्या जुन्या महसुली कागदांत माणूस एकटा कधी येत नाही. ‘अमुक वल्द तमुक, कौम कुणबी’ असा तो बापासकट हजर होतो. बाई असेल तर ‘जौजे’ (अमक्याची बायको) नाहीतर ‘बेवा’ (विधवा). घरात मराठी आणि कागदात फारसी वळणाची हिंदी, हा इथला जुनाच संसार. पांढुर्णा 2023 साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी तो छिंदवाडा जिल्ह्यात होता आणि त्याही आधी सौंसर तहसिलीतच मोडत असे. त्यामुळे पांढुर्ण्याच्या माणसाचं मूळ शोधायचं तरी वाट सौंसरच्या बस्त्यांतूनच जाते. शोधणारा ‘वल्द’ धरून एकेक पिढी मागे सरकतो, आणि एखादा पूर्वज लग्नाबाहेर जन्मलेला निघाला की अडतो. तिथं नाव नसतं, किंवा असतं ते जन्मदात्याचं नसतं. पण ‘वल्द’चा हा रकाना जन्मदाता सांगण्यासाठी आखलेलाच नव्हता. लगान कोणाकडून घ्यायचा, वारस कोण, एका गावात एकाच नावाची तीन माणसं असली तर त्यातला हा कोणता, एवढ्यासाठी तो होता. म्हणून खरा बाप भरलेल्या रकान्यात कमी आणि त्या रकान्यावरून झालेल्या भांडणात जास्त सापडतो.

अनौरस पूर्वजाचा बाप शोधण्याची पद्धत इंग्लंडात जुनी आहे, आणि तिचं कूळही पैशाच्या भांडणातलंच. 1576 च्या कायद्यानं तिथल्या न्यायाधीशांना अशा मुलाच्या बापावर खर्च बसवण्याचा अधिकार दिला, कारण एरवी ते पोर गावाच्या धर्मादाय निधीवर पडे. आईची जबानी, बापाचा जामीनकतबा असे कागद त्यातून तयार झाले आणि आजचे वंशशोधक तेच चाळतात. जन्मनोंदीत मात्र 1875 पासून असा बाप स्वतः येऊन सही करील तरच त्याचं नाव चढे. आपल्याकडे गावाचा तसा निधी नव्हता, पण त्या विचाराचं एक कलम आलं. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 316 व्या कलमानं अनौरस मुलालाही बापाकडून पोटगी मागता येऊ लागली. 1898 च्या संहितेत ते 488 वं कलम होतं, दरमहा कमाल मर्यादा पन्नास रुपये. 1973 मध्ये 125 वं, आणि आता नव्या संहितेत 144 वं. म्हणजे आईनं मॅजिस्ट्रेटपुढे बापाचं नाव शपथेवर घ्यावं याची सोय दीडशेहून अधिक वर्षांची आहे.

त्याहून घसघशीत पुरावा जमिनीचा. याज्ञवल्क्यानं शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या इच्छेनं वाटा दिला, बाप गेल्यावर भावाच्या निम्मा. इंग्रजी न्यायालयांनी हे सूत्र उचललं: मुंबई हायकोर्टाचा 1875 चा ‘राही विरुद्ध गोविंदा वलद तेजा’ हा निवाडा त्यावरचाच, आणि 1931 मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं कायम ठेवलेल्या बाईच्या मुलाला मुलाचा दर्जा असल्याचं सांगितलं. न्यायालयं ज्यांना शूद्र धरत त्या शेतकरी जातींत त्यामुळे ‘ठेवलेली’चा मुलगा भिकेला नव्हे, हिश्शाला उभा राहू शकत होता. तो उभा राहिला की भाऊबंद हरकत घेणारच. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांची पद्धत, 1951 मध्ये गेली, पण त्यापूर्वीची असो की नंतरची, नामांतरणाची, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलण्याची, अशी हरकतीची मिसल (फाइल) मिळाली तर नुसता अंतिम हुकूम वाचून उठू नये. साक्षीदारांचे जबाब बघावेत: बाई कोणाच्या घरात राहत होती, पोराचं लग्न कोणी लावलं, म्हाताऱ्याला अग्नी कोणी दिला. हुकूम कोणाच्याही बाजूनं लागो, बाप या उत्तरांत असतो. आणि ‘अनौरस’ हा शिक्काही आधी तपासावा. कुणबी, महार अशा जातींत पाट, म्हणजे बाईचा पुनर्विवाह, लागत असे, विदर्भात त्यालाच मोहतूर म्हणतात. ते लग्नच होतं. आईबरोबर दुसऱ्या घरी गेलेल्या पोराच्या ‘वल्द’पुढे सावत्र बाप चढला असेल, तर पहिला बाप आईच्या ‘बेवा’ असलेल्या नोंदीत शोधायचा. छापील ग्रंथांत मात्र बाप सापडत नाही: रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातींवरच्या 1916 च्या ग्रंथात नागपूर भागातली विदूर ही अख्खी जात ब्राह्मण बाप आणि इतर जातींतल्या आया यांची संतती म्हणून नोंदली आहे. जात नोंदली गेली, बाप एकाचाही नाही.

भाटाच्या वहीचं काय, असं कोणी विचारील. इथल्या भोयर पवार जातीच्या कुळ्या भाटांनी पोथ्यांत जपल्या, हे खरं. पण वही यजमानाची, दक्षिणाही त्याचीच. नको असलेलं पोर तिच्यात कशाला येईल? दुसरा आक्षेप वजनदार आहे: डीएनए असताना ही कागदांची उठाठेव कशाला? वाय गुणसूत्राची चाचणी पुरुष-शाखा दाखवते. त्या शाखेतल्या काका, पुतण्या, चुलतभाऊ यांतला नेमका कोण, ते ती सांगत नाही. शिवाय जुळवायला समोर कोणीतरी हवा, आणि तो कोण असावा हे आधी कागदानंच सुचवावं लागतं. जातीतल्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक झालेल्या मुलखात दूरचं नातंही जवळचं भासतं, ते वेगळंच. कायद्यानंही एका मर्यादेपलीकडे डोकावायचं नाकारलं होतं: 1872 च्या पुरावा कायद्याच्या 112 व्या कलमानं, काही अपवाद सोडता, लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच मानलं.

राहिली अब्रू. मेलेल्यांची लक्तरं वेशीवर टांगू नयेत, हे बरोबर. ज्यांची मुलं अजून त्याच गावात नांदतात त्यांची नावं शोधणाऱ्यानं आपल्याजवळच ठेवावीत. पण न शोधल्यानं लाज त्या बाईच्याच खात्यावर राहते आणि पुरुष मोकळा सुटतो, हे मला पटत नाही. म्हणून जुन्या कागदांच्या नकलेचा अर्ज कराल तेव्हा आईचं नाव, तिचं माहेरचं गाव आणि शेताचा खसरा नंबर लिहा. बापाचा रकाना कोरा राहिला तरी चालेल.