रोधक
विद्युत् मंडलातील प्रवाहास मोजका अडसर घालून विद्युत् ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारा हा घटक धारित्र व प्रवर्तक यांच्याच निष्क्रिय वर्गात मोडत असला, तरी त्याच्यावाचून साध्या रेडिओचेही मंडल पुरे होत नाही. कार्बनची पूड व राळ यांच्या मिश्रणाचा रोधक स्वस्त खरा. परंतु दमट हवेत त्याचे मूल्य ढळत असल्याने अचूक कामी धातुपटलाचाच रोधक मुक्रर करावा. चिनी मातीच्या नळीवर नायक्रोमची तार गुंडाळलेला रोधक पुष्कळ उष्णता सोसतो, मात्र वेटोळ्यांच्या प्रवर्तनामुळे उच्च कंप्रतेस तो सहसा कुचकामी ठरतो. लहान रोधकांचे मूल्य रंगपट्ट्यांवरून वाचतात : पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी म्हणजे ४,७०० ओहम, अधिकउणे ५ टक्के. रेडिओचा आवाज कमीजास्त करणारे जुने बटण फिरवते तो चल रोधकच होय.