गेम भरून मिळतील

वर्ष सरत आलं की गूगल आणि अ‍ॅपल वर्षातल्या सर्वोत्तम मोबाईल गेमची नावं जाहीर करतात. २०२२ साली दोघांनीही 'एपेक्स लेजेंड्स मोबाईल'लाच मान दिला. कॉम्प्युटर आणि कन्सोलवर २०१९ पासून गाजलेला गेम मोबाईलवर आणलेला, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत पोर्ट. १ मे २०२३ ला तो कायमचा बंद झाला. मोबाईलवर येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. खान्देशातल्या आमच्या धरणगावात त्याच्यावरून कुणी तावातावानं भांडल्याचं मला आठवत नाही. भांडण व्हायला गेम आधी फोनात चालावा लागतो.

आमच्याकडे वर्षाचा सर्वोत्तम गेम कोणता हे नेहमी हातातल्या फोननं ठरवलं. मी बसस्टँडकडच्या एका मोबाईलच्या दुकानात कितीतरी वर्षं काम केलं. रिचार्ज, रिपेअरिंग आणि 'गाणी, व्हिडिओ, गेम भरून मिळतील'. त्या काउंटरमागून पाहत आल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. गेम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना काहीतरी टाकावंच लागतं. काय टाकलं आणि काय राखलं, यावरच पोर्टची पारख करावी.

खान्देशात ही पारख मोबाईलच्या फार आधीपासून चालत आली आहे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, झाडांना झोके बांधले जातात आणि पुरुषमंडळी पत्ते घेऊन बसतात. एरवी पत्त्यांना हात न लावणारे आबा-नानाही त्या दिवशी पैसे लावून डाव मांडतात आणि घरात त्यावर कुणी फारसं बोलत नाही. कवड्यांवरचा सारीपाट तर त्याहून जुना. पचिशीचा तोच पट इंग्रजांनी साहेबी थाटात बदलून घेतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात 'लुडो' नावानं त्याचं पेटंट झालं आणि पुठ्ठ्याच्या पटावर तो आपल्याकडे परत आला. सात कवड्यांच्या जागी एक फासा आला, डाव आटोपशीर झाला. सोंगटी मारण्याची खुमारी मात्र राहिली.

नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' आला. निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल, वर कॅसेट खोचायची. एखाद्या घरात तो असला की गल्लीतली सगळी पोरं तिथे. कॉन्ट्रा मूळचा कोनामीनं १९८७ साली आर्केडच्या मशीनसाठी काढलेला, पुढच्या वर्षी तो घरगुती मशीनवर आला. आर्केडचं ते मशीन आमच्यातल्या कुणीही पाहिलं नव्हतं. आमच्यासाठी कॉन्ट्रा म्हणजे कॅसेटच, आणि मारिओ मोठा की कॉन्ट्रा हा या गावातला मी ऐकलेला पहिला गेमवाद. कॉन्ट्रावाल्यांचा मुद्दा बिनतोड होता: दोघं एकाच वेळी खेळतात, कुणाला ताटकळत बसावं लागत नाही.

पण टीव्ही गेमला लाईट लागते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत गावाकडे दिवसाचे कित्येक तास लाईट नसायची. आमच्याकडे कन्सोल आणि कॉम्प्युटर रुजले नाहीत, फोन रुजला, त्यामागे पैशाइतकंच हेही कारण होतं, असं मी ठामपणे म्हणतो. नोकिया ११०० आला २००३ मध्ये. शेतीपंपाची लाईट रात्री-अपरात्री येणार, कपाशीला पाणी भरायला अंधारात जावं लागणार. शेतकऱ्यानं तो फोन त्याच्या टॉर्चसाठी घेतला. घरातल्या पोराला त्यात साप सापडला. हा सापही मूळचा फोनचा नव्हता. १९७६ च्या 'ब्लॉकेड' या आर्केड गेमची ती कल्पना, तानेली आर्मांतो या नोकियाच्या इंजिनिअरनं १९९७ साली नोकिया ६११० मध्ये बसवलेली. रंग नाही, चार दिशा, एक नियम. बापाच्या फोनची बॅटरी न संपवता रात्रभर खेळता येणारा दुसरा गेम मी पाहिला नाही.

मग रंगीत स्क्रीनचे, मेमरी कार्डाचे फोन आले आणि आमचा धंदा उभा राहिला. त्या काळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तो कुणी लिहून ठेवलेला नाही.

माल दोन वाटांनी यायचा. एक जळगावच्या गोलाणी मार्केटमधून सीडीवर. दुसरी वाट बांभोरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांची. होस्टेलवर उतरवलेलं नवं ते शनिवारी घरी येताना पेनड्राईव्हमध्ये आणत. दुकानातल्या कॉम्प्युटरवर गेमची फोल्डरं नावांनी नव्हे, स्क्रीनच्या मापानं लावलेली असत: १२८ बाय १६०, १७६ बाय २२०, २४० बाय ३२०. गिऱ्हाईक आलं की आधी फोन हातात घ्यायचा, मॉडेल बघायचं, मग फोल्डर उघडायचं. माप चुकलं की चित्र एका कोपऱ्यात चिकटून बसे, नाहीतर फाईल उघडतच नसे आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात: 'भो, मना फोनमा हाऊ गेम चालत नही.' बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्यांची रीघ लागे. बाप बियाणं, औषधं बघायला गेलेला, पोरगा इकडे कार्ड रीडरकडे डोळे लावून बसलेला. मध्येच लाईट गेली की यूपीएस टिटिट करायला लागायचा आणि सगळ्यांची नजर कॉपीच्या हिरव्या पट्टीवर खिळायची.

या फाईली चोरीच्या होत्या, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. आम्ही भरण्याचे पैसे घ्यायचो. बनवणाऱ्यांना त्यातला छदामही मिळत नव्हता. पण त्यांची कारागिरी इथवर पोहोचली ती याच वाटेनं. त्या फोनांवर चालायचे ते जावा गेम. त्यांच्या एकेका नावाच्या फोनागणिक वेगळ्या आवृत्त्या कराव्या लागत, शेकड्यांनी. गेमलॉफ्ट ही फ्रेंच कंपनी त्यातली मोठी. तिचा एक स्टुडिओ हैदराबादलाही होता. आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त भरला गेला तो तिचाच 'प्रिन्स ऑफ पर्शिया'.

जॉर्डन मेकनरनं १९८९ साली अ‍ॅपल टू कॉम्प्युटरसाठी तो पहिल्यांदा काढला, तेव्हा खेळ बाजूनं दिसायचा: धावणं, कड्याला लोंबकळणं, सुळ्यांवरून उडी. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये तो चहूबाजूंनी फिरवता येईल असा त्रिमिती झाला. हा नवा गेम एवढ्याशा जावा फोनवर न्यायचा तर त्रिमिती टाकावी लागली, खेळ पुन्हा बाजूनं दिसू लागला आणि आपल्या मूळ रूपाच्या जवळ गेला. वेळेशी खेळण्याची नवी करामत तेवढी ठेवली. फोनच्या अपुरेपणानं त्या गेमचं भलंच केलं, असं माझं मत आहे, आणि मोठ्या स्क्रीनवर मूळ गेम खेळून आलेल्या बांभोरीच्या पोरांशीही मी त्यावर वाद घातला आहे.

तो गेम कोण किती खेळतो हे रिपेअरिंगच्या टेबलावर कळायचं. चालायला ४ आणि ६, वर चढायला २, वार करायला ५. फोन उघडला की ५ च्या बटणाखालची धातूची चकती बसलेली असायची आणि वरचा आकडा पुसून गुळगुळीत झालेला. बाकी कीपॅड नवा कोरा. 'हे बटण एकटंच कसं गेलं?' बाप विचारायचा, पोरगं रस्त्याकडे बघायचं. मी चकती बदलून द्यायचो आणि काही बोलायचो नाही.

अ‍ॅन्ड्रॉइड आला आणि भांडणाचा सूर बदलला. रॉकस्टारनं डिसेंबर २०१३ मध्ये 'सॅन अँड्रियास' मोबाईलवर आणला. मूळ गेम २००४ चा, कॉम्प्युटरवर पाहिलेला, सगळ्यांना हवाच होता. पण त्याला दोन जीबीच्या वर जागा लागे आणि आमच्या पोरांच्या फोनात तेवढी मोकळी नसे. मग कुणीतरी गाणी काढून, चित्रं बारीक करून दाबलेली आवृत्ती आणायचा. रेडिओ मुका, रस्ते धूसर, गाडी चालवताना फोन तापून हँग. तो चालवून दाखवणं हाच मान होता. खेळण्याची मजा त्यात फारशी उरत नव्हती. अगदी त्याच काळात 'मिनी मिलिशिया' आला. एका फोनचा हॉटस्पॉट, इंटरनेट नको, बाकीचे त्याला जोडले की लढाई सुरू. पॅसेंजरनं जळगावला जाणारी कॉलेजची पोरं डब्यात समोरासमोर बसून तो खेळत. त्या वर्षांचा आमचा सर्वोत्तम गेम तोच, आणि या निकालावर मी अजून कायम आहे.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि भरून देण्याचा धंदा बघता बघता बसला. जे आमच्या फोल्डरांत असायचं ते पोरं आता स्वतःच उतरवू लागली.

मार्च २०१८ मध्ये 'पबजी मोबाईल' आला आणि दोन तट पडले. पबजी हा कॉम्प्युटरवरून आणलेला पोर्ट: शंभर खेळाडू, अर्ध्या तासाचा डाव. 'फ्री फायर' पहिल्यापासून मोबाईलसाठीच बनवलेला: पन्नास खेळाडू, दहा मिनिटांत निकाल, कमी रॅमच्या फोनवरही चाले. पबजीवाले दुसऱ्यांना पोरकट म्हणायचे. फ्री फायरवाले म्हणायचे, अर्ध्या तासात घरचे दहा वेळा हाक मारतात, तुमचा डाव पुरा होतो का? नवा रेडमी असलेले एका ओट्यावर, जुने फोनवाले दुसऱ्या ओट्यावर, असं उघड दिसायचं. मला तेव्हाही फ्री फायरवाल्यांची बाजू पटत होती. ज्या हातांसाठी तो केला त्या हातांत तो नीट बसला होता.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीसह चीनशी संबंधित ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायर गेला. पबजी जुलै २०२१ मध्ये 'बीजीएमआय' नावानं परतला, गूगलनं त्या वर्षीचा भारतातला सर्वोत्तम गेम त्यालाच ठरवलं, वर्षभरानं तोही काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. दोन्ही ओट्यांनी आपापला गेम एकदा तरी गमावला, आणि गंमत संपल्यावर एक गोष्ट ध्यानात आली: मेमरी कार्डातला प्रिन्स कुणाला बंद करता आला नसता.

या काळात पैसा उलटा वाहू लागला. गेम भरायचे दहा रुपये देताना घासाघीस करणारी पोरं यूपीआयवरून बंदुकीच्या रंगासाठी डायमंड घेऊ लागली.

आखाजीचे पत्तेही फोनवर आले आणि सारीपाटही आला. त्या दोघांच्या नशिबात मला फार फरक दिसतो. 'लुडो किंग' २०१६ साली नवी मुंबईच्या गेमेशननं काढला. एकाच फोनभोवती चौघं बसून, इंटरनेटशिवाय, आळीपाळीनं फासा टाकू शकतात. लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीत आजी आणि नातू त्यावर भांडले, सोंगटी मारली म्हणून आजी खरोखर रुसली. पटावरचं माणूस पटावर राहिलं. पैशाच्या रमीनं आणि तीन पत्तीनं मात्र नेमकं राखायचं तेच टाकलं. आखाजीचा डाव सणासोबत उठतो. समोर बसलेला भाऊबंद असतो, हरणाऱ्याला 'नाना, आता उठा' म्हणणारा कुणीतरी तिथेच असतो. फोनवर रात्र संपत नव्हती आणि समोर कोण आहे ते दिसत नव्हतं. कपाशीचे पैसे हाती आले की ते त्यात गेलेली घरं मी जवळून पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मला तो मनापासून योग्य वाटतो.

अलीकडे मोठ्या कन्सोलचे गेम जसेच्या तसे महागड्या फोनवर येत आहेत. 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' ऑक्टोबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रोवर आला. काहीच टाकलेलं नाही, हीच त्याची जाहिरात. ओट्यावरची पोरं त्याचे व्हिडिओ बघतात आणि हा पोर्ट सर्वोत्तम म्हणून मला सांगायला येतात. मी त्यांना विचारतो, कुणाच्या फोनात खेळलास? मग वाद रंगतो, कारण त्यातल्या एकाचा मामा सुरतला असतो आणि त्याच्याकडे तो फोन आहे.

माझं मत मात्र अजून १७६ बाय २२० च्या प्रिन्सलाच. पुण्यात नोकरीला असलेल्या, तेव्हा दुकानात येणाऱ्या एका पोरानं मला नुकतंच कळवलं की त्यानं जुन्या जावा फाईली चालवणारं अ‍ॅप फोनात टाकलं आहे आणि आमच्या त्या फोल्डरांची प्रत त्याला हवी आहे. हार्डडिस्क मी जपून ठेवली आहे. आखाजीला तो घरी आला की देणार आहे.