बेकार कोणाला म्हणावे?

मराठीत ‘बेकार’ आणि ‘रिकामा’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. शासकीय सांख्यिकीला ही सैल भाषा परवडत नाही. बेकार कोणाला म्हणायचे हे ठरल्याखेरीज मोजणी सुरूच होत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली सुरू झाली. पण शेतीवर जगणाऱ्या देशात बेकारीचा एकच आकडा दिशाभूल करतो, हे स्पष्टपणे सांगणारा दांतवाला समितीचा अहवाल यायला १९७० उजाडले. त्यानुसार २७ व्या फेरीत (ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३) एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला गेला: वर्षातला बहुतेक काळ काय केले, गेल्या सात दिवसांत काय केले, आणि त्या सात दिवसांतल्या प्रत्येक अर्ध्या दिवसात काय केले. आठवड्याच्या मापाने एका दिवशी तासभर काम मिळालेला माणूसही रोजगारात धरला जातो. अर्ध्या दिवसाचे माप त्याचे उरलेले दिवसही पाहते.

नेमके तेच वर्ष महाराष्ट्रात दुष्काळाचे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणारी ही माणसे व्याख्येने रोजगारातली! वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने (कायदा १९७७, अंमल १९७९) मोजणीची दिशाच उलटी केली. घरोघर जाऊन विचारण्याऐवजी जो काम मागायला येईल त्याची नोंद करायची. मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते, जरी न मागणारे तिच्यातूनही निसटत असले तरी.

वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला १९९८ मध्ये. पाहणीत काही खेडी आणि त्यांतली काही घरे निवडतात, आणि प्रत्येक घराच्या उत्तराला गुणक लावून राज्याचा अंदाज बांधतात. राज्याला पुरणारा नमुना बारा लाखांच्या आतल्या जिल्ह्याला पुरत नाही. तिथे मोजक्या घरांच्या उत्तरांनी आकडा हलतो. जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीत नमुना निवडताना जिल्हा हाच मूळ स्तर धरतात, आणि देशभरातली घरे सुमारे १ लाख २ हजारांवरून २ लाख ७२ हजारांवर गेली आहेत.

प्रश्नाची वेळ मात्र उरतेच. रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या शेतमजूर बाईला सोयाबीन काढणीच्या आठवड्यात विचारले तर ती रोजगारात. एप्रिलमध्ये विचारले आणि ती काम शोधत नसेल व कामाला उपलब्धही नसेल, तर तिची नोंद ‘घरकाम’ अशी होते. मग ती बेकारही नसते, श्रमबलातच नसते.