उन्हाची रोजकीर्द

पुण्याच्या पेशवे दप्तरात जे असंख्य कागद आहेत, त्यांत रोजकीर्दींचे मोल फार मोठे आहे. आज किती आले आणि किती गेले, हे त्याच दिवशी टिपून ठेवायचे, त्याचे नाव रोजकीर्द. पुढे वाद निघाला की स्मरणावर भरवसा न ठेवता ती वही उघडायची. आज मी ज्या रोजकीर्दीविषयी बोलणार आहे ती पैशाची नाही, उन्हाची आहे. गच्चीवर पडलेल्या उन्हातून आज किती वीज निघाली, हे टिपण्याची वेळ आता साध्या गृहस्थावर आली आहे. गोष्ट नवी वाटते खरी. पण तिच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराच भाग आपल्या मुंबई-पुण्यात घडलेला आहे.

ऊन ही कमाईची वस्तू आहे, हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांना कोणी शिकवावे लागले नाही. भाईंदरची मिठागरे पूर्वीपासून प्रसिद्ध. खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने ते आटवायचे आणि पावसाळ्यापूर्वी मिठाची रास घालायची. वळवाची एक सर अवेळी आली की केलेले काम पाण्यात! ऊन किती पडले याचा आकडा आगऱ्यापाशी नव्हता. मिठाची रास हेच त्याचे माप. आज त्याच मीरा-भाईंदरात पूनम सागरसारख्या उंच इमारतींच्या वसाहती झाल्या आहेत. वाफे मागे सरले आणि गच्च्या पुढे आल्या. ऊन मात्र तेच आहे.

आता थोडे मागे जाऊ. सन १८७६ च्या सुमारास मुंबईच्या हायकोर्टात विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार होते. काम कोर्टाचे, पण नाद सूर्याचा. फ्रान्समध्ये मूशो नावाच्या संशोधकाने नरसाळ्याच्या आकाराच्या आरशाने पाणी उकळून दाखवले होते. अ‍ॅडम्स यांनी विचार केला की असा एक मोठा वाकडा आरसा करणे खर्चाचे. त्याऐवजी लहान लहान सपाट आरसे एका चौकटीत बसवावेत, बाष्पपात्र मध्ये स्थिर ठेवावे आणि सूर्य सरकेल तशी आरशांची चौकट अर्धवर्तुळात सरकवावी. मधल्या कुलाब्यातल्या आपल्या बंगल्याच्या आवारात त्यांनी हे यंत्र मांडले. त्यातून निघालेल्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालले! लोकांना पाहता यावे म्हणून त्यांनी ते सुमारे दोन आठवडे चालवून दाखवले. जानेवारी महिन्यात, म्हणजे मुंबईच्या थंडीत, सात शिपायांचे जेवण त्यांनी दोन तासांत उन्हावर शिजवले. १८७८ साली त्यांनी या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. त्याबद्दल सुवर्णपदकही मिळाले.

मग ते यंत्र गिरण्यांत का गेले नाही? कोळसा हे एक कारण आहेच. तो बारा महिने मिळे आणि रात्रीही जळे. पण माझ्या मते दुसरेही एक कारण आहे. इंजिन चालते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. परंतु वर्षाकाठी ते किती दिवस चालेल, आषाढ-श्रावणात काय होईल, पुण्यात किती आणि नागपुरात किती, याचा आकडा त्या वेळी कोणापाशीच नव्हता. दोन आठवड्यांच्या कौतुकावर गिरणीमालक भांडवल घालत नाही. त्याला कीर्द लागते.

ही कीर्द हळूहळू तयार झाली. १८७५ साली भारताचे हवामान खाते स्थापन झाले. वेधशाळांत ऊन टिपण्याचे एक साधेसे साधन वापरात आले. कॅम्बेल यांनी १८५३ साली काढलेले आणि स्टोक्स यांनी १८७९ साली सुधारलेले हे साधन म्हणजे एक भरीव काचेचा गोळा. गोळ्यातून एकवटलेले ऊन मागच्या जाड कागदाच्या पट्टीवर पडते आणि पट्टी जळत जाते. ढग आला की जळण्याची रेघ तुटते. रोज नवी पट्टी. सूर्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली रोजकीर्द म्हणा ना!

पण या पट्टीवरून ऊन किती तास होते एवढेच नीट कळते. त्यात शक्ती किती होती ते मोजायला अधिक नाजूक उपकरणे हवीत. हे काम आपल्या देशात ज्यांनी उभे केले त्यांचे नाव प्रत्येक शाळेत सांगितले गेले पाहिजे. त्या म्हणजे अ‍ॅना मणी. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या विदुषी लंडनमध्ये हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून १९४८ साली परतल्या आणि पुण्याच्या हवामान खात्यात दाखल झाल्या. उपकरणे परदेशातून आणण्याऐवजी ती इथेच, अचूक आणि एकसारखी तयार व्हावीत, हा त्यांचा ध्यास. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशात सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. वर्षानुवर्षे जमलेल्या त्या आकड्यांचा ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅडम्स यांना जो आधार मिळाला नव्हता, तो पुढच्या पिढ्यांना असा मिळाला.

दरम्यान उन्हापासून थेट वीज करण्याची विद्याही पुढे आली होती. प्रकाशाने विजेचा प्रवाह निर्माण होतो हे फ्रान्सच्या बेकरेल यांना १८३९ साली दिसले होते. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौरघट केला. पडलेल्या उन्हाच्या सुमारे सहा टक्के भागाची त्यात वीज होई. आज घरावरच्या फलकांत वीस टक्क्यांच्या आसपास होते.

महाराष्ट्रात २०१५ साली वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे नियम केले. घराची वापरून उरलेली वीज तारांवर जाते आणि मीटर दोन्ही बाजू मोजतो, आलेली आणि गेलेली. २०२४ साली केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी सूर्यघर योजना काढली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये साहाय्य तीत ठरवले गेले. तेव्हा गृहस्थ आता नुसता गिऱ्हाईक राहिला नाही. तो छोटा वीज उत्पादकही झाला. आणि उत्पादकाने वही ठेवली नाही तर त्याचे काय होते, हे शेतकऱ्याला आणि मिठागरवाल्याला मी सांगायला नको.

ही वही कशी ठेवावी? आपल्याकडे एका किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे धरतात. म्हणजे तीन किलोवॅटचा संच दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देईल. पावसाळ्यात आकडा पुष्कळ उतरतो, तेव्हा घाबरू नये. कडक उन्हाळ्यात एक गंमत दिसते. ऊन भरपूर, पण फलक तापला की त्याचे काम मंदावते. त्यामुळे मे महिन्यात अपेक्षेइतकी वाढ दिसत नाही. म्हणून आजची तुलना कालशी न करता गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करावी. रोज संध्याकाळी ठराविक वेळी आकडा लिहावा आणि पुढे एकच शब्द लिहावा: निरभ्र, ढगाळ, पाऊस. निरभ्र दिवशीही आकडा घसरत चालला तर धूळ पाहावी, पक्ष्यांची विष्ठा पाहावी, शेजारी नवे बांधकाम उठून सावली पडते का ते पाहावे. फलक एकापुढे एक जोडलेले असतील तर एकावरची सावली साऱ्या रांगेला मागे ओढू शकते. बारा युनिटांतला पाचवा हिस्सा तीन महिने गेला आणि कळलेच नाही, तर दोनशे सोळा युनिटे हातची गेली!

पूनम सागरसारख्या वसाहतीत याला आणखी एक अर्थ आहे. तिथे गच्ची कोणा एकाची नसते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचे बिल सगळ्यांचे. अशा सामाईक गच्चीवर फलक बसले तर त्यांच्या विजेचा आकडा दोन-चार जणांच्या मोबाइलमध्ये राहून चालणार नाही. तो सूचनाफलकावर, सर्वांना दिसेल असा रोज लागला पाहिजे. पैसे सर्वांनी घातले आणि हिशेब थोड्यांपाशी राहिला, की संशय आलाच. आणि संशयाने मोडलेल्या सहकारी संस्था आपल्या खेड्यापाड्यांनी थोड्या का पाहिल्या आहेत?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक विनंती. शाळेच्या छपरावर फलक असतील तर मीटरची वही मुलांच्या हाती द्या. नसतील तर अंगणात एक काठी रोवा आणि माध्यान्हीची सावली आठवड्यातून एकदा मोजायला लावा. मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस ती सावली पायाशी येऊन नाहीशी होते. पुस्तकातला भूगोल तेव्हा मुलांना डोळ्यांनी दिसतो. अ‍ॅडम्स यांच्या आरशांचे कौतुक झाले आणि ते विसरले गेले. अ‍ॅना मणींच्या आकड्यांचा मात्र देशाला आजही उपयोग होतो. रोज एक ओळ लिहिण्याची सवय मुलांना लागली, तर उन्हाची कीर्द पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षित राहील.